फोनच्या पलीकडचा माणूस

११ मे १९३५. शनिवारची संध्याकाळ. रबराच्या कारखान्यांमुळे नावारूपाला आलेल्या ॲक्रन या अमेरिकेतील ओहायो राज्याच्या शहरात, मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एक उंच, सडपातळ माणूस येरझारा घालीत होता. वय एकोणचाळीस. ज्या कामासाठी तो न्यूयॉर्कहून आला होता ते पार फसले होते. बरोबरचे सहकारी परत निघून गेले होते. खिशात जेमतेम दहा डॉलर उरले होते आणि हॉटेलचे भाडे कसे चुकते करायचे, हा प्रश्न समोर होता. लॉबीच्या एका टोकाला बार होता. तिथून हास्यविनोद आणि ग्लासांची किणकिण ऐकू येत होती. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि जवळच शहरातील चर्चच्या नावांचा फलक लावलेला होता.

बारमध्ये जाऊन एखादे साधे थंड पेय घ्यावे, घटकाभर चार माणसांत बसावे, असा निरुपद्रवी वाटणारा विचार त्याच्या मनात आला आणि दुसऱ्याच क्षणी तो घाबरला. पाच महिने त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. पण त्यापूर्वीच्या सतरा वर्षांनी त्याला एवढे शिकवले होते की, पहिल्या घोटानंतर निर्णय त्याच्या हाती राहत नाही. तो वळला आणि टेलिफोनकडे गेला. या परक्या शहरात त्याला डॉक्टर नको होता, उपदेशक नको होता, उसने पैसेही नको होते. त्याला आपल्यासारखाच एक दारूडा हवा होता.

त्या माणसाचे नाव बिल विल्सन. त्या संध्याकाळच्या फोनमधून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना उभी राहिली. आज सुमारे १८० देशांत तिच्या सभा भरतात. व्यसनातून बाहेर पडू पाहणारा माणूस आज आपल्या घराजवळची सभा शोधू लागला तर त्याला पत्ता मिळतो, वार मिळतो, वेळ मिळते. बिल शोधू लागला तेव्हा विचारावा असा कोणताही पत्ता नव्हता. तो पत्ता त्याला स्वतःच निर्माण करावा लागला.

मद्यालयामागची खोली

विल्यम ग्रिफिथ विल्सन याचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हरमाँट राज्यातील ईस्ट डॉर्सेट या डोंगराळ खेड्यात झाला. वडिलांच्या घराण्याचे तिथे एक छोटे हॉटेल होते आणि त्यातील मद्यालयामागच्या खोलीत बिल जन्मला. आजोबा अट्टल पिणारे होते. एके दिवशी जवळच्या डोंगरावर त्यांना काही साक्षात्कार झाला आणि पुढे जन्मभर त्यांनी दारूला हात लावला नाही, असे घरात सांगत. वडील संगमरवराच्या खाणीवर कामाला होते. पिण्यात तेही मागे नव्हते. बिल दहा-अकरा वर्षांचा असताना आईवडिलांचा संसार मोडला. वडील दूर निघून गेले, आई वैद्यकीय शिक्षणासाठी बॉस्टनला गेली आणि बिल व धाकटी बहीण डोरोथी आजोळी वाढू लागली.

आजोबा एकदा सहज म्हणून गेले की, बूमरँग बनवणे ऑस्ट्रेलियातील माणसांनाच जमते. झाले. नातू ईर्ष्येला पेटला. कित्येक महिने लाकडे तासत बसला आणि अखेर फेकल्यावर परत येणारे बूमरँग त्याने आजोबांना करून दाखवले. आईवडिलांनी मागे टाकलेल्या मुलाला आपण कोणी तरी आहोत हे जगाला सतत दाखवून द्यावेसे वाटत असावे. शाळेत तो व्हायोलिन शिकला, बेसबॉलमध्ये चमकला, वर्गाचा प्रमुख झाला. याच काळात बर्था बॅमफर्ड या सहाध्यायिनीवर त्याचे प्रेम जडले. १९१२ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर ती अचानक वारली आणि सतरा वर्षांचा बिल खोल नैराश्यात बुडाला. नैराश्याचे हे दुखणे पुढे दारू सुटल्यावरही त्याला सोडणार नव्हते.

ब्रुकलिनच्या एका डॉक्टरांची कन्या लोईस बर्नहॅम उन्हाळ्यात कुटुंबासह व्हरमाँटला येत असे. ती बिलपेक्षा चार वर्षांनी मोठी होती. दोघांचे सूर जुळले आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, २४ जानेवारी १९१८ रोजी त्यांचा विवाह झाला. त्याआधीच, १९१७ मध्ये, सैन्यातील तरुण अधिकारी म्हणून मॅसेच्युसेट्सच्या न्यू बेडफर्डमध्ये असताना बिलने आयुष्यातील पहिला पेला उचलला होता. चारचौघांत बावरणारा, आपण कुठेच सामावत नाही असे मानणारा हा तरुण त्या पेल्याने क्षणात मोकळा झाला. जन्मभर मध्ये उभी असलेली भिंत कोसळल्यासारखे त्याला वाटले. त्याच्या पुढच्या सगळ्या दुर्दशेचे बीज या सुखद अनुभवात होते.

बाजार आणि बाटली

युद्धावरून परतल्यावर बिलने कायद्याचा अभ्यास केला, पण त्याची खरी ओढ शेअर बाजाराकडे होती. लोक कंपन्यांविषयी काहीही माहिती नसताना त्यांचे शेअर घेतात, हे त्याच्या ध्यानात आले. १९२५ मध्ये लोईसला साइडकारमध्ये बसवून तो मोटरसायकलवर निघाला. तंबूत राहायचे, कारखान्यांच्या दारात जाऊन कामगारांशी बोलायचे, कंपनीची खरी स्थिती हेरायची आणि वॉल स्ट्रीटवर अहवाल पाठवायचे, असा हा उद्योग होता. अहवाल अचूक निघू लागले. पैसा आला, मान आला. लोईसचा या भटकंतीमागे आणखी एक हेतू होता. शहरातील मद्यपी मित्रांपासून नवरा दूर राहील, अशी तिची आशा होती. ती फोल ठरली.

अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी दारूबंदी होती. बिलला तिचा काडीचाही अडसर झाला नाही. तो पीत राहिला, सकाळी पश्चात्ताप करीत राहिला आणि घरच्या बायबलच्या पानांवर दारू सोडल्याच्या शपथा लोईससाठी लिहून देत राहिला. एका शपथेखाली दुसरी शपथ येत गेली. पुन्हा पुन्हा गर्भपाताचे आघात सोसलेल्या लोईसला मूल होण्याची आशा उरली नव्हती. दत्तक घेण्याचा प्रयत्नही सफल झाला नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला आणि होत्याचे नव्हते झाले. जोडपे ब्रुकलिनमधील क्लिंटन स्ट्रीटवरच्या लोईसच्या माहेरघरी राहायला आले. ती एका मोठ्या दुकानात विक्रेतीची नोकरी करून घर चालवू लागली. नवरा तिच्या पर्समधले पैसे काढून नेऊ लागला.

१९३३-३४ या काळात बिल न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये पुन्हा पुन्हा दाखल झाला. तिथले डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांचे मत त्या काळाच्या मानाने वेगळे होते. मद्यासक्ती ही चारित्र्याची खोट नव्हे, आजार आहे, असे ते मानीत. अशा माणसाच्या शरीराला दारू सोसत नाही आणि मनाला तिच्यावाचून राहवत नाही, अशी त्यांची मांडणी होती. बिलला हे पटले. आता आजार कळला आहे, तेव्हा आपण सुटलो, असे त्याने गृहीत धरले. थोड्याच दिवसांत तो पुन्हा प्यायला. ज्ञानाने दारू सुटत नाही, हा धडा त्याला मिळाला. नवरा एक तर वेडा होईल किंवा मरेल, याची तयारी ठेवण्यास डॉक्टरांनी लोईसला सुचवले.

स्वयंपाकघरातील पाहुणा

नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हा जुना मित्र क्लिंटन स्ट्रीटवर आला. एबी हा पिण्यात बिलचा जोडीदार. जुन्या दोस्तासोबत मैफल जमेल या आनंदात बिलने टेबलावर पेले मांडले. एबीने पेला दूर सारला. त्याचे डोळे स्वच्छ होते, हात स्थिर होते. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या सान्निध्यात आपल्याला मार्ग सापडल्याचे त्याने सांगितले. आपले दोष कबूल करायचे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करायची आणि आपल्याला समजेल त्या रूपातील ईश्वराची मदत मागायची, अशी ती वाट होती. बिलला धर्माविषयी तिटकारा होता. पण समोर बसलेला माणूस नाकारता येत नव्हता. सांगणारा पाद्री असता तर बिलने त्याला वाटेला लावले असते. हा तर त्याच्याच पंगतीतला होता.

११ डिसेंबर १९३४ रोजी बिल शेवटचा प्यायला आणि पुन्हा टाउन्स हॉस्पिटलमध्ये भरती झाला. तिथे एका हताश क्षणी आपली खोली प्रखर प्रकाशाने भरून गेल्याचा आणि अपार शांततेचा अनुभव त्याला आला. त्या रुग्णालयात दिल्या जाणाऱ्या बेलाडोनाच्या औषधाचा हा परिणाम असावा, अशी शंका पुढे अनेकांनी घेतली आहे. खुद्द बिलनेही घाबरून डॉ. सिल्कवर्थ यांना आपण वेडे तर झालो नाही ना, असे विचारले. डॉक्टरांनी त्याला धीर दिला आणि जे गवसले आहे ते घट्ट धरून ठेवण्यास सांगितले. त्या दिवसानंतर बिल विल्सन कधीही प्यायला नाही. आणि ज्याने हा मार्ग दाखवला तो एबी मात्र पुढे वारंवार घसरला. बिलने तरीही त्याला अखेरपर्यंत आपला मार्गदर्शक मानले आणि जमेल तेव्हा आधार दिला.

रुग्णालयातून बाहेर पडताच बिल दारूड्यांच्या मागे लागला. खानावळी, आश्रयगृहे, इस्पितळे धुंडाळून त्यांना घरी आणू लागला, प्रकाशाचा अनुभव सांगून त्यांचे हृदयपरिवर्तन करू पाहू लागला. पाच महिन्यांत एकही माणूस सुधारला नाही. पालथ्या घड्यावर पाणी! प्रवचन थांबवून आधी आजाराचे कठोर सत्य सांगा, असा सल्ला डॉ. सिल्कवर्थ यांनी दिला. खचलेल्या बिलला लोईसने एक साधी गोष्ट दाखवून दिली. बाकी कोणी सुधारले नसेल, पण या सगळ्या खटपटीत तो स्वतः प्यायला नव्हता.

पंधरा मिनिटांची मुदत

ॲक्रनमधील त्या संध्याकाळी हेच वाक्य त्याच्या कामी आले असावे. यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीच्या भागधारकांची मते मिळवून तिचा ताबा घेण्याचा डाव फसला होता आणि बिलला पहिल्यांदाच उमगले होते की, दारूड्यांची गरज दारूड्यांपेक्षा त्यालाच अधिक आहे. त्याने फलकावरचे एक नाव निवडून रेव्हरंड वॉल्टर टंक्स यांना फोन लावला. त्यांनी दहाएक नावे दिली. बिलने एकामागून एक फोन केले. कोणी घरी नव्हते, कोणाला वेळ नव्हता. यादी संपत आली तेव्हा हेन्रिएटा सायबरलिंग यांचा दुवा मिळाला. गुडइयर या टायर कंपनीच्या संस्थापकांच्या त्या सूनबाई. ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये जाणाऱ्या या बाईंच्या ओळखीचा एक शल्यविशारद दारूपायी बुडत चालला होता आणि त्याच्यासाठी मदत येईल याची त्या वाट पाहत होत्या.

डॉ. रॉबर्ट स्मिथ यांचे वय तेव्हा पंचावन्न होते. तेही मूळचे व्हरमाँटचेच. शस्त्रक्रियेच्या वेळी हात थरथरू नयेत म्हणून गोळ्या घ्यायच्या आणि काम संपले की प्यायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. त्या शनिवारी ते मातृदिनासाठी पत्नीला एक कुंडी घेऊन घरी आले होते आणि स्वतः झिंगून पडले होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, ते भेटायला आले खरे. पण पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही, हे पत्नीकडून आधीच वदवून घेऊन. ऑक्सफर्ड ग्रुपच्या सभांना ते अडीच वर्षे जात होते. उपदेश ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

बिलने उपदेश केलाच नाही. त्याने स्वतःची कहाणी सांगितली. मोडलेल्या शपथा, पर्समधून चोरलेले पैसे, इस्पितळाच्या फेऱ्या आणि प्रत्येक वेळी पुन्हा उचललेला पेला. मग त्याने सांगितले की, आपण डॉक्टरांना वाचवायला आलेलो नसून स्वतःला वाचवायला आलो आहोत. डॉ. स्मिथ चकित झाले. दारूविषयी अनुभवाने बोलणारा आणि आपल्याकडे मदत मागणारा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. पंधरा मिनिटांची ती भेट सहा तासांनी, रात्री अकरानंतर संपली.

उन्हाळाभर बिल स्मिथ यांच्याच घरी राहिला. मधे एका वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेलेले डॉक्टर पुन्हा घसरले. परतल्यावर एका शस्त्रक्रियेच्या सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून बिलनेच त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची. शस्त्रक्रिया आटोपून ते घरी आले नाहीत. ज्यांना दुखावले होते, ज्यांची देणी थकवली होती, अशांच्या दारोदार जाऊन त्यांनी माफी मागितली आणि मगच ते परतले. तो दिवस १० जून १९३५ होता, असे मानले जाते. संघटनेचा स्थापनादिन म्हणून तोच पाळला जातो. लगेचच दोघे मिळून ॲक्रनच्या इस्पितळात खाटेला बांधून ठेवलेल्या एका वकिलाला भेटले. तोही पुन्हा कधी प्यायला नाही. तिघे झाले आणि त्यांचा पहिला समूह जमला.

दर मंगळवारी, क्लिंटन स्ट्रीटवर

न्यूयॉर्कला परतल्यावर बिल व लोईस यांनी क्लिंटन स्ट्रीटच्या घरात दर मंगळवारी रात्री सभा भरवायला सुरुवात केली. वरच्या खोल्यांत दारू सोडू पाहणारी माणसे राहत. लोईस दिवसभर नोकरी करून त्या साऱ्यांसाठी रांधत असे. त्यांतले पुष्कळ जण पुन्हा पिऊ लागले. एकाने त्याच घरात आत्महत्याही केली. यश तुरळक होते.

या काळात टाउन्स हॉस्पिटलच्या मालकांनी बिलला पगारी नोकरी देऊ केली. दारूड्यांशी बोलायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. कफल्लक झालेल्या बिलला हा देवाचा कौलच वाटला. त्याने मंगळवारच्या सभेत ही बातमी आनंदाने सांगितली. सभेने शांतपणे नकार दिला. पैसे घेऊन बोलणारा माणूस आमच्यातला राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. बिलने ते मानले. जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांच्याकडे मोठ्या देणगीसाठी प्रयत्न झाला तेव्हाही असेच घडले. मोठ्या रकमेने हे काम बिघडेल, असे सांगून त्यांनी १९३८ मध्ये केवळ पाच हजार डॉलर दिले. तेव्हा निराशा झाली. पुढे तोच विचार संघटनेचा कणा ठरला.

१९३८ च्या डिसेंबरात, एका रात्री अंथरुणात बसून, बिलने अर्ध्या तासात बारा पायऱ्या लिहून काढल्या. दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करण्यापासून त्या सुरू होतात. आत्मपरीक्षण, कबुली, नुकसानभरपाई असा प्रवास करीत अन्य मद्यपींपर्यंत हा मार्ग पोहोचवण्यापाशी त्या थांबतात. नास्तिक सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे ईश्वर ज्याला जसा उमगेल तसा, अशी मुभा त्यांत ठेवण्यात आली. एप्रिल १९३९ मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यावरूनच संघटनेला नाव मिळाले. त्याच महिन्यात कर्जापायी क्लिंटन स्ट्रीटचे घर हातचे गेले. इतरांसाठी दार उघडे ठेवणारे हे जोडपे दोन वर्षे परक्यांच्या दारी मुक्काम करीत फिरले.

१ मार्च १९४१ रोजी सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला. तोवर सभासद दोनेक हजार होते. वर्षअखेरीस आठ हजारांवर गेले. देशभरातून पत्रे येऊ लागली आणि बहुतेकांत एकच विचारणा होती : आमच्या गावात सभा कुठे भरते? अनेक गावी ती भरत नव्हती. मग पुस्तकाची एक प्रत आणि त्याच भागातून पत्र लिहिणाऱ्या दुसऱ्या मद्यपीचा पत्ता पाठवला जाई. दोघे भेटत आणि सभा सुरू होई.

अनामिकतेची किंमत

संघटना वाढली तसे मानापमान, पैसा आणि पुढारीपण यांचे प्रश्न आले. बिलसमोर इतिहासातला एक इशारा होता. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे सहा मद्यपींनी वॉशिंग्टोनियन नावाची अशीच चळवळ सुरू केली होती. ती वणव्यासारखी पसरली आणि दारूबंदीच्या व राजकारणाच्या वादांत सापडून काही वर्षांतच विझली. १९४६ मध्ये बिलने बारा परंपरा मांडल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँड येथे त्या स्वीकारण्यात आल्या. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. शुल्क नाही. बाहेरची देणगी नाही. बाहेरच्या वादांत मत नाही. सत्ता गाजवणारा पुढारी नाही आणि जाहीर व्यासपीठावर सभासदाचे पूर्ण नाव नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. स्मिथ यांचे निधन झाले. हजारो मद्यपींवर त्यांनी एकही डॉलर न घेता उपचार केले होते.

लहानपणी बूमरँग करून जगाला जिंकू पाहणाऱ्या मुलासाठी अनामिकता हा सर्वांत कठीण नियम होता. त्याने तो पाळला. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने देऊ केलेली मानद पदवी त्याने नाकारली. १९५५ मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात त्याने संघटनेची सूत्रे सभासदांच्या प्रतिनिधींकडे सोपवली. लोईसने १९५१ मध्ये मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना उभी केली. पिणाऱ्याबरोबर घरही आजारी पडते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

बिल संत नव्हता. १९४४ नंतरची दहाएक वर्षे तो तीव्र नैराश्याशी झगडत होता. त्यावर उतारा शोधताना १९५६ मध्ये, तेव्हा कायदेशीर असलेल्या एलएसडीचा प्रयोगही त्याने वैद्यकीय देखरेखीखाली केला आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. पत्नीशी तो एकनिष्ठ राहिला नाही, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. दारू सुटली, सिगारेट मात्र सुटली नाही. तिनेच फुप्फुसे निकामी केली. अखेरच्या आजारपणात, ३६ वर्षांच्या संयमानंतर, त्याने शुश्रूषा करणाऱ्यांकडे व्हिस्की मागितल्याच्या नोंदी आहेत. ती त्याला मिळाली नाही. २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या ५३ व्या वाढदिवशी, मायामी येथे त्याचे निधन झाले. त्यानंतरच वृत्तपत्रांतून त्याचे पूर्ण नाव व छायाचित्र जगासमोर आले.

मरणशय्येवरची ती मागणी वाचून कोणाला त्याचे आयुष्य फसल्यासारखे वाटेल. पण त्याने जन्मभर सांगितले ते हेच होते. हा आजार बरा होऊन संपत नाही. तो एकेका दिवसापुरता दूर ठेवता येतो आणि तेही एकट्याने नाही. म्हणून तर सभा हवी आणि ती जवळ हवी. तलफ येते त्या संध्याकाळी चालत जाऊन गाठता येईल इतकी जवळ.

आपल्या वस्तीतली खुर्ची

भारतात हे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले. आज मुंबई-पुण्यासह राज्यातील अनेक शहरांत शाळांच्या वर्गखोल्यांत, चर्चच्या सभागृहांत संध्याकाळी या सभा भरतात आणि त्यांतल्या कित्येकांची भाषा मराठी आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनीही उपचारानंतरच्या पाठपुरावा सभांना मोठे महत्त्व दिले.

दारातून आत पाऊल टाकणे हेच अवघड असते. ओळखीचे कोणी भेटेल का, नाव लिहून घेतील का, ही भीती प्रत्येकाला असते. प्रत्यक्षात तिथे वर्गात असतात तशा खुर्च्या आणि चहा असतो. पहिले नाव पुरते, तेही सांगण्याची सक्ती नसते. बोलायचे नसेल तर नुसते ऐकावे. खुल्या सभेला घरचे माणूस बरोबर येऊ शकते. बंद सभा फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. एक सभा रुचली नाही तर दुसऱ्या वस्तीतील पाहावी. पत्ता संघटनेच्या संकेतस्थळावर, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मिळतो. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येणे, भ्रम होणे असे जीवघेणे त्रास होऊ शकतात. म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. सभा ही औषधोपचाराची जागा घेत नाही.

याचा उपयोग होतो का, हा प्रश्न रास्तच आहे. सगळ्यांना होत नाही. पण २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत या सभांकडे वळवणारे पद्धतशीर कार्यक्रम अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात आढळले. ॲक्रनच्या त्या दोघांना हे आकडे ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच कळले होते की, एका खोलीत दोन मद्यपी खरे बोलत बसले तर ती संध्याकाळ निभावते.

सभेत नव्याने येणाऱ्याला वाटते, आपण मदत मागायला आलो आहोत. समोरच्या खुर्चीवर वीस वर्षे न प्यायलेला एक गृहस्थ बसलेला असतो. तो आजही तिथे का येतो, हे बिल विल्सनचे आयुष्य वाचल्यावर कळते. त्यालाही या नव्या माणसाची गरज असते. त्या शनिवारी बिलने बारकडे पाठ फिरवून फोन उचलला तेव्हा पलीकडे कोण असेल, हे त्याला माहीत नव्हते. आज पलीकडे कोणी तरी असते आणि तेही वाट पाहत असते.